युबीसॅन बाउंड्स: चोख तपासतो, पण लांबी सांगितली तरच

लिनक्स कर्नलमध्ये ॲरेबाहेर जाणारा इंडेक्स पकडायला ‘कॉन्फिग युबीसॅन बाउंड्स’ हा बिल्ड पर्याय टेस्ट बिल्डमध्ये चालू असायलाच हवा. (युबीसॅन म्हणजे सी कोडमधल्या नियमबाह्य गोष्टी कोड चालताना पकडणारा तपासनीस.) फाइल, ओळ, इंडेक्स आणि ॲरेचा प्रकार, सगळं एका संदेशात मिळतं. ४ घरांच्या ॲरेत (मोजणी ० पासून, म्हणजे शेवटचं घर ३) इंडेक्स ४ दिसला की आधी वरचा चेक बघा. ‘मोठा किंवा समान’ हवं तिथे बहुधा नुसतं ‘मोठा’ सापडेल. स्ट्रक्टमधला ॲरे ओलांडून शेजारच्या फील्डवर लिहिलं तर केसॅन (मेमरीचा गैरवापर पकडणारा दुसरा तपासनीस) गप्प बसतो, कारण मेमरी त्याच ऑब्जेक्टची असते. युबीसॅन तिथे बोलतो. फंक्शनला नुसता पॉइंटर दिलात, तर मात्र लांबी कळत नसल्याने त्याचाही इलाज नाही.

खरी डोकेदुखी स्ट्रक्टच्या शेवटी असलेल्या, १ घराच्या जुन्या ॲरेंची. पूर्वी कंपायलर त्यांना लवचिक (हव्या तितक्या लांबीचे) मानून सोडून द्यायचा. कर्नल ६.५ पासून, जीसीसी १३ किंवा क्लँग १६ असेल तर, ही सवलत बंद झाली आणि चालत्या कोडवरही इंडेक्स १ ला बोंब सुरू झाली. इथे चेक वाढवून उपयोग नाही, घोषणाच बदला: कंस रिकामा, सोबत ‘काउंटेड बाय’ (ॲरेची लांबी कोणत्या फील्डमध्ये आहे ते सांगणारी खूण), ॲलोकेशनला ‘स्ट्रक्ट साइज’ (लागणारी एकूण मेमरी मोजणारा मॅक्रो). जुनं ‘एन वजा १’ गणित (एक घर स्ट्रक्टमध्येच धरलेलं असायचं) तसंच राहिलं तर मेमरी एका घराने कमी पडते. दुरुस्तीतूनच नवा ओव्हरफ्लो!

‘काउंटेड बाय’साठी जीसीसी १५.१ किंवा क्लँग २०.१.० लागतो; जुन्या कंपायलरवर तो निमूट गायब होतो, म्हणून लॉग कोरा दिसला तरी हुरळून जाऊ नका. शिवाय लांबीच्या फील्डमधला आकडा आधी वाढवायचा, मग घरात लिहायचं. ‘केझॅलॉक’ने (शून्यांनी भरलेली मेमरी देणारं फंक्शन) मेमरी घेतल्यावर आकडा ० असतो, त्यामुळे उलट क्रमात पहिलंच लिहिणं हद्दीबाहेर ठरतं. जुन्या ड्रायव्हरांत हा उलटा क्रम सापडतो.

सर्वात मोठी उणीव म्हणजे साध्या मोडमध्ये इशारा छापला जातो आणि हद्दीबाहेरचं लिहिणंही होतं. थांबवायचं असेल तर ‘युबीसॅन ट्रॅप’ घ्या. त्यात कर्नल इमेजही लहान राहते, पण तपशीलवार संदेश जातो. टेस्टला इशारा, प्रॉडक्शनला ट्रॅप, हीच विभागणी योग्य वाटते.

युजरस्पेसमधून आलेल्या इंडेक्सला हाताने लिहिलेला चेक तरीही लागतोच, आणि स्पेक्टर व्ही१ (प्रोसेसरने अंदाजाने आधीच चालवलेल्या कोडमधून माहिती चोरणारा हल्ला) रोखायला त्या चेकनंतर इंडेक्स हद्दीत ठेवणारा ‘ॲरे इंडेक्स नोस्पेक’.