व्हिसाच्या नावाखाली ९७,४५० रुपये गेले. माझ्यासारखं गप्प बसू नका

लिहावं की नाही यातच दोन महिने गेले. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, परभणीत चार माणसं ओळखतात, आणि आपल्याला कुणी असं गंडवलं हे सांगायला जीभ रेटत नव्हती. पण परवा आमच्याच कॉलनीतल्या एका रिटायर्ड बाईंनी त्याच व्हिसा एजंटाला 'बुकिंग' म्हणून पाच हजार दिल्याचं कळलं. मग राहवलं नाही.

मी डोळे झाकून गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. भाच्याच्या ओळखीनं गेलो. छत्रपती संभाजीनगरला त्या एजंटाचं काचेच्या दरवाजाचं ऑफिस होतं, बाहेर बोर्ड होता. आमच्या भागातल्या दोघांना त्यानं दुबईला पाठवलेलं होतं आणि ते खरंच जाऊन आले होते. मी दोघांनाही फोन करून विचारलं. आणखी काय करायला पाहिजे होतं? बायकोचं जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या व्हिसाचा) इंग्रजी फॉर्म, त्यात माझा हात संगणकावर बसलेला नाही. वाटलं, चार पैसे जास्त जातील पण काम नीट होईल. मे २०२५ मध्ये दहा दिवस स्वित्झर्लंड, एवढीच इच्छा होती. लग्नानंतर आम्ही दोघं तिरुपतीच्या पुढं कधी गेलेलो नव्हतो.

हिशेब असा. ११ फेब्रुवारीला बुकिंगचे ५,०००. मग दोघांची 'एम्बसी फी' २९,०००. अपॉइंटमेंट 'काढायचे' माणशी ९,००० प्रमाणे १८,०००. विमा ९,४५०. विमान आणि हॉटेल 'ब्लॉक' करायचे ३६,०००. एकूण ९७,४५०. पावती फक्त पहिल्या पाच हजारांची, तीही कच्ची. बाकीचे स्कॅनरवर गेले, आणि पैसे पाठवताना दर वेळी ऑफिसचं नाव न दिसता एका बाईचं नाव दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे सर, जीएसटीचा त्रास वाचतो." पैसे पाठवायच्या आधी तिथलं नाव वाचा. बोर्डावरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर उठून घरी या.

शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. त्या वेळच्या भावानं आठ हजारांच्या आसपास, वर व्हिसा केंद्राचा सेवाशुल्क. माझ्याकडून माणशी साडेचौदा हजार घेतले. "रिजेक्ट झाला तर फी परत," हेही म्हणाला होता. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. हे मला नंतर कळलं.

पण जिथं मला कळायलाच पाहिजे होतं ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती आठवली की अजून रात्री झोप उडते. मार्चमध्ये मी विचारलं, बोटांचे ठसे द्यायला मुंबईला कधी जायचं? तो म्हणाला, "सर, साठीच्या पुढच्यांना ठसे लागत नाहीत. काकूंना कशाला दगदग करायलेत? मी बसलोय ना." माझं वय एकसष्ट. बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "अहो, पण मला कुठं साठ झालेत? मला सत्तावन्नावं चालू आहे." तो क्षणभर थांबला. कीबोर्डवरचा त्याचा हात थांबलेला मी पाहिला. मग म्हणाला, "काकू, जोडप्याचं एकत्रच धरतात." आणि मी, मी तिला म्हणालो, "तू गप बस, त्यांना माहिती आहे." वयामुळं सूट फक्त बारा वर्षांखालच्या लेकरांना आहे. आधीच्या ५९ महिन्यांत ठसे दिलेले असतील तर ते पुन्हा चालू शकतात. आमचे तर पासपोर्टच कोरे होते.

विम्याचा कागद आला तेव्हाही तिनंच दाखवलं: तिच्या नावाची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा जाड, आणि नावासमोर माझी जन्मतारीख. रक्कम ३,००० युरो. किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. पॉलिसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटं लागतात. विमानाचा पीएनआर, म्हणजे तिकिटाचा बुकिंग नंबर, तोही तसाच तपासा. आमचा पीएनआर नंतर टाकला तर बुकिंगच सापडेना.

एप्रिलच्या शेवटी फोन बंद झाला. पासपोर्ट त्याच्याकडे. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो, व्हिसा केंद्रावर पासपोर्ट नंबर दिले. तिथल्या मुलीनं दोनदा टाकून पाहिले आणि सांगितलं, "सर, या नंबरांचा अर्जच आलेला नाही." आठवड्यानं खाकी पाकिटात दोन्ही पासपोर्ट कुरिअरनं आले. बायकोनं एकेक पान उलटून पाहिलं. सगळी कोरी.

आता पुढचं ऐका. आमच्या इथल्या ठाण्यात गेलो तर, "पैसे संभाजीनगरला दिलेत ना, तिकडं जा." तिकडं गेलो तर, "तुम्ही परभणीचे, खातं परभणीचं, तिकडंच द्या." एसटीचे हेलपाटे मी घालायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठंही घडला तरी तक्रार घ्यावीच लागते. मी ते छापून नेलं. ठाण्यातल्या अंमलदारानं कागद हातातही घेतला नाही. "एवढे शिकलेले मास्तर तुम्ही, तुम्हाला कळलं नाही का?" असं वीस माणसांसमोर विचारलं. चोर मी होतो का? बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?" सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लागला, बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण त्या म्हणाल्या, काका, फार उशीर केला. खरं आहे. फोन बंद झाल्यावर मी लाजेपायी एकोणीस दिवस कुठंच तक्रार केली नाही. तोवर खातं रिकामं झालेलं होतं. शंका आली त्याच तासाला १९३० लावा, मग रडा.

आणि व्हिसा केंद्राशिवाय कुणाच्याही हातात पासपोर्ट देऊ नका. अपॉइंटमेंट विकत घ्यायची वस्तू नाही. पेन्शनरला पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, पेन्शनच्या खात्याचं स्टेटमेंट आणि आयकर रिटर्न लागतं. ते आपल्या कपाटातच असतं, त्यासाठी 'फाईल बनवायचे' पैसे देऊ नका.

गेल्या आठवड्यात जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. स्कॅनरच्या सात व्यवहारांचे स्क्रीनशॉट, ती कच्ची पावती आणि खाकी पाकीट, सगळं जोडलंय. संभाजीनगरच्या काचेच्या दरवाजाच्या ऑफिसात, साठीच्या पुढच्यांना ठसे लागत नाहीत असं आणखी कुणाला सांगितलं असेल, तर लाजू नका. कागद घेऊन माझ्याकडे या, एकत्र जाऊ.