बेससाठी पॉवर ॲम्प्लिफायर : क्राउन एक्सएलएस २५०२ की क्यूएससी आरएमएक्स २४५०?

नागपुरात ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम आणि लग्नाचे स्वागतसमारंभ यांना साउंड पुरवणाऱ्याला उन्हाळ्यात पहिली चिंता असते ती ॲम्प्लिफायर शेवटच्या गाण्यापर्यंत टिकेल की नाही, याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि मंचामागे कनातीला लावून ठेवलेल्या रॅकच्या आतली हवा त्याहूनही तापलेली असते. म्हणून या परीक्षणात आवाजाच्या गोडव्यापेक्षा उष्णता, भार आणि दुरुस्ती या तीन गोष्टींना मी अधिक महत्त्व दिले आहे. या दर्जाच्या दोन ॲम्प्लिफायरांच्या आवाजातला फरक मोकळ्या लॉनवर, जेवणाच्या गलबल्यात कोणाला ओळखू येईल, असे मला वाटत नाही.

बेसची गरज मात्र नीट समजून घ्यायला हवी. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्‌झला वाजते, तर पाच तारांच्या गिटारवरची पाचवी तार सुमारे ३१ हर्ट्‌झपर्यंत खाली उतरते. इतक्या खालचे स्वर ऐकू येण्याजोगे करायला पुष्कळ शक्ती लागते, आणि वादकाने तारेला अंगठ्याने फटका मारला की क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट मागणी येते. त्या क्षणी ॲम्प्लिफायरकडे राखीव शक्ती नसेल, तर क्लिपचा लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. त्यामुळे डब्यावर ठळक छापलेला ‘पीक’ वॅटचा आकडा बाजूला ठेवून ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचे माप) प्रत्येक चॅनेल सलग किती वॅट देतो, तेवढेच पाहावे. कारण ८ ओहमची दोन बेस कॅबिनेटे (स्पीकरची खोकी) समांतर जोडली की भार ४ ओहमचाच होतो.

एक्सएलएस २५०२ हा क्राउनचा ‘डी’ वर्गातला, स्विचिंग पॉवर सप्लायचा (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी वेगाने चालू-बंद होणाऱ्या हलक्या सर्किटचा) ॲम्प्लिफायर आहे. त्याची शक्ती प्रति चॅनेल ८ ओहमला ४४० आणि ४ ओहमला ७७५ वॅट अशी दिलेली असून वजन पाच किलोच्या आत आहे. वसंतराव देशपांडे सभागृहात सामान चढवताना हा हलकेपणा फार सोयीचा वाटतो. आत क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारे सर्किट) असल्याने एका चॅनेलवर सब (खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि दुसऱ्यावर टॉप (वरच्या स्वरांचा) अशी लहान व्यवस्था वेगळ्या यंत्राशिवाय बसवता येते, शिवाय आवाज मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लिमिटरही आहेच. ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवून, ४ ओहमला २४०० वॅट मिळतात, हा आकडा मोहात पाडणारा आहे. पण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच, म्हणजे २ ओहमचा भार दिसतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो सलग तीन तास चालवण्याच्या मी विरोधात आहे.

आरएमएक्स २४५० हा जुन्या घडणीचा, जड ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर असून आता तो बहुधा वापरलेलाच मिळतो. ८ ओहमला ५०० आणि ४ ओहमला ७५० वॅट, म्हणजे कागदावर दोघे जवळपास बरोबरीचे. मला त्यात विशेष आवडते ती मागची छोटी स्विचांची पट्टी, जिच्यावरून ३० किंवा ५० हर्ट्‌झखालचे स्वर कापता येतात. पोर्ट (हवेचे भोक) असलेल्या कॅबिनेटला, ते ज्या स्वराला जुळवलेले असते त्याखालचे स्वर दिले, तर स्पीकरच्या शंकूला आतल्या हवेचा आधार राहत नाही, आवाज तर वाढत नाहीच आणि कॉइल मात्र मार खाते. चार तारांच्या बेससाठी ३० चा स्विच लावून ठेवणे हा स्पीकरचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

दोन्ही एकाच रॅकमध्ये ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. एक्सएलएस समोरून हवा घेऊन मागे सोडतो, तर आरएमएक्स मागून घेऊन समोर फेकतो. म्हणजे एकाने सोडलेली गरम हवा दुसऱ्याच्या पंख्यात जाते. मधे मोकळा खण सोडला आणि रॅकची मागची बाजू उघडी ठेवली, तर हा त्रास बराच कमी होतो. गणेश विसर्जनानंतर तर रॅक उघडलाच पाहिजे. गुलाल आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर व हीटसिंकच्या फटींत गुलाबी नमद्यासारखा थर बसतो, जो नुसत्या फुंकरीने निघत नाही. ब्रश आणि ब्लोअर दोन्ही लागतात.

जनरेटरवर आरएमएक्सची वागणूक समजून घ्यावी. मंचाचे हॅलोजन त्याच फेजवर असतील आणि दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची कमाल शक्ती साधारण पाव भागाने घटते, पण तो चालत राहतो. स्पीकरच्या वायरचेही तसेच आहे : वीस मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ४ ओहमच्या भारापुढे सुमारे १५ टक्के शक्ती स्वतःच गिळते. किमान २.५ ची वायर घ्यावी.

दुरुस्तीच्या बाबतीत माझा कल उघडपणे आरएमएक्सकडे आहे. ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळाला, तर जाणता कारागीर तो बदलू शकतो. स्विचिंग सप्लायच्या दाट बोर्डावर मात्र बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलावा लागतो, आणि तो येईपर्यंत हंगामाच्या तारखा थांबत नाहीत. ट्रान्झिस्टर घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत, कारण २एससी५२०० आणि २एसए१९४३ या सर्रास लागणाऱ्या जोडीच्या नकला बाजारात खूप आहेत.

म्हणून सब आणि बेससाठी एका जागी राहणाऱ्या रॅकमध्ये मी आरएमएक्स ठेवेन, तर टॉप, मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) आणि एकट्या बेसवादकाच्या प्रवासासाठी एक्सएलएस घेईन. नव्या एक्सएलएससाठी वॉरंटीसह पक्के बिल मागावे. वापरलेला आरएमएक्स पाहताना दुकानातल्या गाण्यावर भुलू नये. इनपुट काढून, स्पीकर न जोडता दोन्ही आउटपुटांवर मल्टिमीटर डीसीवर लावावा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक आहे, पण आकडा व्होल्टमध्ये गेला, तर तो चॅनेल स्पीकरला लावूच नये. त्यानंतर ४ ओहमच्या भारावर अर्धा तास तरी जोरात वाजवून पंखा वेग घेतो का आणि दोन्ही चॅनेल सारखे तापतात का, ते हाताने पाहावे. विक्रेता यालाच नकार देत असेल, तर सौदा तिथेच सोडावा.