मेमरी क्लिनिकमधली आबांची तपासणी : पाचपैकी चार तारे

पुण्यातल्या एका खासगी मेमरी क्लिनिकमध्ये आबांना दाखवून आणलं. पुढे थोडी तक्रार आहे, म्हणून नाव देत नाही.

आबा म्हणजे माझे वडील, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बीपीची गोळी दोनदा घेणं, तेच ते विचारणं वाढलं होतं. आधीच्या डॉक्टरांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून बोळवण केली होती.

इथे चार तारे आहेत ते चाचणी घेणाऱ्या ताईंमुळे. आधी चष्मा लावायला सांगितला, नीट ऐकू येतंय ना ते पाहिलं, मग 'मोका' ही ३० गुणांची चाचणी मराठीतून घेतली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले तर आबा ९३, ८६, ७९, ७२, ६५ असं धडाधड बोलून मोकळे. जन्मभर सुट्ट्या पैशांचा हिशेब केलेला माणूस! माझा जीव भांड्यात पडला, पण तो तेवढ्यापुरताच. थोड्या वेळापूर्वी दोनदा म्हणून घेतलेले पाच शब्द विचारले, त्यातला एकही आला नाही. "एक फूल होतं बघा, आबा," अशी खूण दिली, तरी नाही. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. आकडे सुबक मांडले, काटे मात्र एक अकरावर आणि एक दहावर.

डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितलं. खूण देऊन शब्द आठवला असता, तर तो मेंदूत साठलाय पण सापडत नाही, असं म्हणता आलं असतं. खुणेनेही आला नाही, म्हणजे बहुधा साठलाच नाही. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या (डिमेन्शियाच्या) आजारात कानशिलाच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस हा भाग सहसा लवकर झिजतो, आणि नव्या गोष्टी टिपून ठेवायचं काम त्याचंच. मुरलेली वजाबाकी त्याच्यावर अवलंबून नसते. तिकीट फाडलं, पण वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, नोंदच नाही, असं माझ्या डोक्यात आलं.

गुण आले १८. दहावीपर्यंतच शिक्षण म्हणून त्यात एक वाढवून १९. कागदावर २६ ची रेघ आहे, त्याखाली गुण आले की शंका घ्यायची, पण "आपल्याकडे कमी शिकलेल्यांना ती रेघ फार कडक पडते, नुसत्या आकड्यावर काही ठरवत नाही" हे डॉक्टरांनीच सांगितलं. मला वेगळं बसवून पैशांचे व्यवहार, औषधं, रस्ता चुकणं, सगळं विचारलं. बी-१२, थायरॉइड, नैराश्याचे प्रश्न आणि एमआरआय झाल्यावरच अल्झायमरची सुरुवात असावी असं म्हणाले. बी-१२ किंवा थायरॉइड कमी असलं तरी विसराळूपणा येतो, आणि तो बऱ्याचदा उपचारांनी सुधारतो. आबांचं ते सगळं ठीक निघालं. तेव्हा पहिल्यांदाच रिपोर्ट चांगला आल्याचं वाईट वाटलं.

एक तारा कापला तो स्वागतकक्षासाठी. तिथल्या मुलीने भरल्या खोलीत "डिमेन्शियाचे पेशंट कोण?" असं ओरडून विचारलं. "मला वेडा ठरवायला आणलंस काय गं?" म्हणून आबा उठून चालू लागले होते. शिवाय अहवाल सगळा इंग्रजीत.

जाणार असाल तर सकाळची वेळ घ्या, चालू औषधांची यादी न्या, आणि चाचणी चालू असताना शेजारून उत्तरं सुचवू नका. मी 'फुला'च्या वेळी तोंड उघडलं तर ताईंनी मला सरळ बाहेर बसवलं.