युद्धाच्या काळात आंतरराष्ट्रीय कायदा शिकायचा असेल तर: संयुक्त राष्ट्रांचं दृक्-श्राव्य ग्रंथालय

बाहेर कुठेतरी युद्ध पेटलेलं असताना आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, हे सगळं पाळतं कोण?" त्यावर भाषण देऊन भागत नाही. मुलांसमोर कागद ठेवावा लागतो. तो मला सगळ्यात नीट मिळतो संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृक्-श्राव्य ग्रंथालयात. २००८ पासून ते इंटरनेटवर मोफत आहे.

व्याख्यानं पुष्कळ आहेत, तीही जाणकारांची. पण खरा ऐवज ऐतिहासिक दस्तऐवजांच्या विभागात आहे. तंटे शांततेनं सोडवण्याबद्दलचा १९८२ चा मनिला जाहीरनामा काढून बघा. आधी तज्ज्ञाची प्रस्तावना, मग मसुदा कसकसा घडत गेला त्याची हकिकत, मग मूळ कागदपत्रं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ३३व्या कलमातली तंटे सोडवण्याच्या मार्गांची, म्हणजे वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालय ही यादी मुलं घोकतात आणि विसरतात. जाहीरनामा मात्र स्पष्ट बजावतो की समझोत्याचा मार्ग फसला म्हणून बळ वापरायची मुभा मिळत नाही.

एवढं वाचून झालं की मी युक्रेनचा दावा काढते. रशियाच्या आक्रमणानंतर दोनच दिवसांनी, २६ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेननं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. आधार वंशसंहारविरोधी कराराचा, कारण संमतीशिवाय न्यायालयाला अधिकारच नाही आणि या करारात दोन्ही देश होते. १६ मार्चला १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई थांबवण्याचा अंतरिम आदेश निघाला. रशियानं तो पाळला नाही. वर्ग इथे गप्प होतो, आणि मला शिकवायचं असतं ते इथूनच: संमती, अधिकारक्षेत्र, सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार.

चौकशीच्या मार्गासाठी मी १९०४ ची डॉगर बँक या उथळ समुद्रभागातली घटना जोडते. जपानशी लढायला निघालेल्या रशियन आरमारानं उत्तर समुद्रात ब्रिटिश मच्छीमारांवर गोळीबार केला. ब्रिटन खवळलं होतं. १८९९ च्या हेग कराराच्या धर्तीवर आयोग नेमला गेला, रशियानं भरपाई दिली आणि ब्रिटनशी आणखी एक युद्ध टळलं. जपानशी युद्ध मात्र चालूच होतं, हे मी मुद्दाम सांगते.

उणीव म्हणाल तर जुनी व्याख्यानं ध्वनिमुद्रणाच्या तारखेलाच थांबतात. युक्रेन खटल्यात २ फेब्रुवारी २०२४ ला रशियाच्या प्राथमिक हरकतींवर (म्हणजे न्यायालयाच्या अधिकाराबद्दलच्या आक्षेपांवर) निकाल आला आणि दावा बराच आक्रसला. असे बदल न्यायालयाच्या संकेतस्थळावरच पाहावेत. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत आहेत. परीक्षेपुरत्या नोट्स हव्या असतील तर इथे वेळ घालवू नका. मूळ कागद वाचायची तयारी असेल, तर मनिलापासून सुरुवात करा आणि प्रस्तावनेआधी मसुद्याची हकिकत वाचा.