आलिशान सेडान एक्स्चेंजला देऊन दोन सीटची ओपन स्पोर्ट्स कार घेतली, त्याचा रिव्ह्यू

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना अख्खं वाचायचं नाही ते सुटले. लक्झरी सेडान देऊन कन्व्हर्टिबल घ्यायचं मनात असेल तर उघडणाऱ्या टपाकडे बघून गाडी निवडू नका, वजनाकडे बघून निवडा. टपाचं कौतुक असतंच, कोणाला नसतं, पण टप काही रोज उघडला जात नाही, पाऊस असतो, ऊन असतं, पुढे धूर सोडणारा ट्रक असतो. वजन मात्र पार्किंगमधून गाडी बाहेर काढल्यापासून जाणवतं.

दिली ती मोठी जर्मन सेडान. वजन जवळजवळ दोन टन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तीन मीटरच्या वर, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे), दुहेरी काचा, मसाज करणाऱ्या सीट, दार अर्धवट लावलं तरी स्वतःच ओढून घेणार, सगळा थाट. तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही कारण जे काम करायला ती बनवली होती ते ती चोख करायची. पण ते काम होतं ड्रायव्हरला रस्त्यापासून लांब ठेवायचं, आणि ती चालवताना आपण दिवाणखान्यात बसून खिडकीबाहेर बघतोय असं वाटायचं. १२० चा स्पीड ६० सारखा वाटतो हे विकणारे कौतुकाने सांगतात, आणि मागे बसणाऱ्याला ते कौतुकच आहे, पण चालवणाऱ्याला थोडीशी मजा हवी असेल तर स्पीड इतका वाढवावा लागतो की लायसन्स जायची वेळ येते. एवढी ताकद असून ती कधी वापरलीच जात नाही मग काय उपयोग, हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

घेतली ती माझदाची एमएक्स-५, काही देशांत मियाटा म्हणतात ती. सध्याची पिढी २०१५ पासून विकली जाते. लांबी ३.९ मीटरच्या आसपास, व्हीलबेस २.३१ मीटर, वजन मॉडेलप्रमाणे हजार-अकराशे किलो, म्हणजे आधीच्या गाडीच्या जवळपास निम्मं. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, २०१८ च्या अपडेटनंतर १८४ हॉर्सपॉवर आणि साडेसात हजार आरपीएमपर्यंत फिरतं. कागदावर १८४ म्हटल्यावर सेडानवाले हसतात, त्यांच्याकडे तीनशे-चारशे असतात ना. हसू द्या. गाडी इतकी हलकी आहे की दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी साध्या रस्त्यावर, साध्या स्पीडला वळण घेतलं तरी पुढची चाकं काय करतायत, मागचा भाग कुठे चाललाय हे सीटमधून कळतं. गिअरचा दांडा तर एवढासा हलतो आणि टकन बसतो, विनाकारण गिअर बदलावेसे वाटतात. ऑटोमॅटिक पण मिळते, पण ही गाडी ऑटोमॅटिक घेणाऱ्याला माझा नमस्कार, आपलं जमणार नाही.

आता वजनाचा मुद्दा जरा नीट सांगतो कारण बरेच जण इथेच फसतात. गाडीचा टप नुसता झाकण म्हणून नसतो, सगळी बॉडी ताठ ठेवायचं अर्धं काम तो करतो. तो कापला की बॉडी पिळली जायला लागते, मग कंपनीला दाराखालचे उंबरे जाड करावे लागतात, फ्लोअरला आडवे पट्टे टाकावे लागतात, पुढच्या काचेची चौकट मजबूत करावी लागते, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटच्या मागे रोल बार, वर टप उघडायच्या मोटरी. त्यामुळे चार सीटची कूपे (दोन दारांची, पत्र्याच्या टपाची गाडी) कापून केलेली कन्व्हर्टिबल तिच्याच पत्र्याच्या टपाच्या बहिणीपेक्षा शंभर-दोनशे किलो सहज जड होते. म्हणजे तुम्ही जड सेडान देऊन काय आणलं, तर तितकीच जड गाडी, वर टप नाही, मागच्या सीटवर माणूस बसत नाही आणि डिकी पण गेली. वारा खायचा असेल आणि आरामात फिरायचं असेल तर ती वाईट गाडी नाही, फक्त तिला स्पोर्ट्स कार म्हणून घेऊ नका. याउलट एमएक्स-५ पहिल्यापासून टपाशिवायच आखलेली आहे, तिच्यात कापून टाकायला काही नव्हतंच. बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत एक फ्रेम टाकलेली, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की मधे ढिलं काही वाटत नाही.

या गाडीचा इतिहास पण मजेशीर आहे. १९७९ च्या सुमारास बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटर-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सांगितलं की जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी हलकी, साधी, दोन सीटची गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. तो हॉल पुढे माझदातच नोकरीला लागला आणि १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिली एमएक्स-५ आली. ब्रिटिश गाड्या दिसायला देखण्या पण तेल गळणार, वायरिंग रुसणार, माझदाने मजा तेवढी ठेवली आणि कटकट काढली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली, दोन सीटच्या ओपन गाड्यांत सगळ्यात जास्त विकली गेल्याचा गिनेस रेकॉर्ड तिच्याच नावावर आहे. हे एवढ्यासाठी सांगतोय की जुनी घ्यायची असली तरी बाजारात पुष्कळ आहेत, पार्ट मिळतात, आणि त्यात हात घातलेले मेकॅनिक पण मिळतात.

घ्यायच्या आधी अजून दोन बघितल्या. पोर्शेची ७१८ बॉक्सस्टर, इंजिन मधे, त्यामुळे पुढे एक डिकी आणि मागे एक, टप बटणावर आणि ५० च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत उघडतो. चालवायला ती खरंच वरच्या दर्जाची आहे यात वाद नाही. दुसरी बीएमडब्ल्यू झेड४, टोयोटा सुप्राची जुळी बहीण म्हणा, दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला एकाच कारखान्यात बनलेल्या. डिकी २८१ लिटर आणि टप उघडा असो की बंद, तेवढीच राहते, हे फार कमी गाड्यांत असतं. सेडानची सवय असलेल्या माणसाला सगळ्यात कमी धक्का झेड४ देईल, लांबच्या प्रवासाला तीच घ्या, माझं स्पष्ट मत. पण ती माझ्या मनातल्या गाडीपेक्षा बरीच जड आणि मला पुन्हा तोच उबदार शांतपणा नको होता म्हणून सोडली.

आता सोबत राहायला कशी आहे ते. डिकी १३० लिटर. आधीच्या गाडीत पाचशेच्या वर होती. दोन मऊ बॅगा मावतात, कडक सूटकेस विसरा. टप घडी घालून सीटमागे जातो त्यामुळे डिकीची जागा खात नाही हे बरं. समोर डॅशबोर्डमध्ये नेहमीचा ग्लोव्ह बॉक्स नाहीच, दोन सीटच्या मधे पाठीमागे एक कप्पा आहे, कागदपत्रं तिथे, आणि ते काढायला हात असा वळवावा लागतो की खांद्याचा व्यायाम होतो. स्पेअर टायर नाही, पंक्चरचं किट आहे. सहा फुटांच्या वर असाल तर आधी बसून बघा, टप लावून बघा, पुढच्या काचेची वरची पट्टी बरोबर डोळ्यांसमोर येते काही जणांना.

आईला बसवायचं म्हणजे एक कार्यक्रमच असतो. आधी सीटच्या कडेवर बसायचं, मग पाय आत, उतरताना सगळं उलटं आणि वर मला हात द्यायला पलीकडे जावं लागतं. ती एकदा बसली की मात्र खूश असते, उतरायला तयार नसते (उतरणं अवघड म्हणून की मजा वाटते म्हणून, विचारलं नाही). घरात दोघांपेक्षा जास्त माणसं असतील आणि दुसरी गाडी नसेल तर हा सौदा करू नका, कितीही मन झालं तरी.

टप हाताने उघडायचा. मधोमध एक खटका, तो सोडवायचा, टप मागे ढकलायचा आणि दाबून बसवायचा, सीटवरून न उठता होतं. मोटरवाला टप बघून आलेल्यांना हे गरीब वाटतं, पण यात बिघडायला आहे काय? पत्र्याचा टप असलेलं आरएफ मॉडेल पण आहे, बटणावर तेरा सेकंदात उघडतं, पण गाडी जवळजवळ उभी असावी लागते आणि मागचे खांब तसेच उभे राहतात, म्हणजे आकाश अर्धंच. बंद असताना ते जास्त शांत आहे हे खरं. मी कापडाच्याच बाजूचा.

आणि आवाज. याबद्दल कोणी खरं बोलत नाही. टप बंद असला तरी हायवेला टायरचा, वाऱ्याचा, शेजारच्या ट्रकचा, सगळ्यांचा आवाज आत येतो, फोनवर बोलणं म्हणजे ओरडणं. टप उघडून हायवेला तास-दीड तास गेलं की कान थकतात, मी साधे फोमचे इअरप्लग ठेवतो, पाहिजे तर हसा. काचा वर आणि सीटमागे वारा अडवायची जाळी असली की खूप फरक पडतो, कारण वारा समोरून मारत नाही, काचेवरून जाऊन मागून मानेवर येतो. ही गोष्ट कंपन्यांना पण माहीत आहे, मर्सिडीजने २००४ च्या एसएलके या दोन सीटच्या ओपन गाडीमध्ये हेडरेस्टमधून मानेवर गरम हवा सोडायची सोय दिली होती ती उगाच नाही.

लोकांना वाटतं ओपन गाडी उन्हाळ्याची. चूक. भर उन्हात टप उघडून सिग्नलला उभं राहिलात तर पाच मिनिटांत डोकं तापतं, हात भाजतात, सनस्क्रीन आणि टोपी लागतेच. खरी मजा थंड संध्याकाळी, हिटर पायांवर, काचा वर, टप उघडा. पावसाचं म्हणाल तर चालत्या गाडीत रिमझिम डोक्यावरून निघून जाते, सिग्नल लागला की मात्र तुम्ही आणि पाऊस.

कापडी टपाची काळजी फार नाही पण आहे. ओला असताना घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते. प्रेशर वॉशर जवळून मारू नका. टपावरचं पाणी खाली जायला नळ्या असतात त्यात पानं अडकली की पाणी आत उतरतं, जुन्या बॉक्सस्टर घेणाऱ्यांना हे पाठ असतं कारण तिथे सीटखाली इलेक्ट्रॉनिक्स बसवलेलं आहे आणि ते भिजलं की खर्चच खर्च. आणि गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, चोर आत काय आहे ते बघायला काच फोडत नाही, सरळ कापड कापतो.

आता व्यवहाराचं. जुनी लक्झरी सेडान एक्स्चेंजला नेली की किंमत ऐकून पोटात गोळा येतो, तयारी ठेवा. या गाड्या नव्या असताना जितक्या महाग तितक्या जोरात पडतात, कारण सेकंडहँड घेणाऱ्याला एअर सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्सची धास्ती असते. माझ्या वेळी शोरूमवाल्याने दोन्ही गाड्यांचे आकडे एकत्र करून "वर इतकेच द्या" असं सांगितलं, आणि हेच करू द्यायचं नाही, तुमच्या गाडीची किंमत वेगळी लिहून घ्या, नवीची वेगळी. जुनीवर कर्ज बाकी असेल तर त्याचा आकडा तिसरा. स्वतः विकली तर सहसा जास्त मिळतात, फक्त फोन उचलायची आणि अनोळखी माणसांना चकरा मारून आणायची तयारी लागते, मला नव्हती, मी एक्स्चेंजच केलं. सर्व्हिसचे सगळे कागद आणि दुसरी चावी नक्की न्या, दुसरी चावी नाही म्हटलं की लगेच कापतात. आणि थंडीच्या दिवसांत कन्व्हर्टिबल बघायला जा, तेव्हा तिला गिऱ्हाईक कमी असतं आणि बोलायला जागा असते.

टेस्ट ड्राइव्हला गेलात तर शोरूमभोवतीची गोल चक्कर मारून परत येऊ नका. टप उघडून स्पीड ब्रेकरवरून गाडी तिरकी घ्या, एक चाक आधी, आणि आतला आरसा बघा, थरथरला तर बॉडी ढिली आहे. मग टप लावून हायवेला न्या, लेन बदलून बघा, टप लावलेला असताना मागच्या कोपऱ्यातून काही दिसत नाही ते किती चालेल तुम्हाला ते तिथेच कळेल. टप दोन-चार वेळा उघडा-लावा, कडेची रबरं बोटाने दाबून बघा, सीटखालच्या कार्पेटमध्ये हात घालून ओल आहे का बघा. विकणारा घाई करायला लागला तर करू दे, कार्पेट आधी.