कोकणातल्या जमीन नकाशासाठी जुना स्कीमा: क्लोन करावा, रचना उचलावी की नव्याने मांडावा?

देशावरच्या गट नंबरच्या जमिनींसाठी घडवलेला पोस्टजीआयएसचा (नकाशे साठवणाऱ्या डेटाबेसचा) स्कीमा, म्हणजे टेबलं-रकान्यांची मांडणी, हाताशी आहे आणि तोच गुहागर, राजापूर किंवा देवगडकडच्या गावांना लावायचा आहे, असं समजू. मार्ग तीन आहेत. अख्खा डेटाबेस क्लोन करायचा, त्यातली फक्त रचना उचलायची, किंवा आयएसओ १९१५२ म्हणजे एलएडीएम या जमीन-नोंदींच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यावर नवी मांडणी करायची. निवडीआधी जुन्या स्कीमात दोन गोष्टी पाहा: जमिनीची ओळख कशी ठेवली आहे आणि खातेदाराचं नाव कुठल्या टेबलात आहे. बाकीचे रकाने नंतर वाढवता-घटवता येतात.

ओळख

गट नंबरसाठी बांधलेल्या टेबलात बहुधा गावकोड आणि गट नंबर एवढीच 'की' (नोंद ओळखण्याची किल्ली) असते. कोकणातल्या अनेक गावांत सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतो. ४५/२अ/१ असा लांबलचक पत्ता इथे रोजचा आहे. तो एकाच मजकुरी रकान्यात कोंबला तर १० हा २ च्या आधी लागतो आणि ४५ चे सगळे हिस्से एकत्र शोधणं त्रासाचं होतं. सर्व्हे नंबर पूर्णांकात, हिस्सा आणि पोटहिस्सा मजकुरात, असे तीन रकाने करा आणि गावकोडासह चौघांवर युनिक अट (तीच नोंद दोनदा येऊ न देणारी) घाला.

इथेच मोठा सापळा आहे. ज्या सर्व्हेला हिस्सा नाही तिथे रकाना नल (मूल्यच नसलेला) राहतो, आणि पोस्टग्रेस (पोस्टजीआयएसखालचा मूळ डेटाबेस) दोन नल वेगळे मानतं. त्यामुळे हिस्सा नसलेला ४५ दोनदा भरला तरी अट गप्प बसते. आवृत्ती १५ पासून नल समान मानण्याचा पर्याय अटीतच देता येतो. त्याआधीच्या आवृत्तीत रकाना सक्तीचा करून रिकामा मजकूर ('') डिफॉल्ट ठेवा. हिस्सा रकान्यात एकाने देवनागरी '२अ' आणि दुसऱ्याने रोमन अंक-अक्षरं टाइप केली तर डेटाबेसच्या लेखी ते दोन वेगळे हिस्से होतात, म्हणून एकच लिपी ठरवून तीही अटीत बांधा.

मालक आणि हिस्से

जुन्या स्कीमात खातेदाराचं नाव भूखंडाच्याच टेबलात असेल तर ते टेबल उचलू नका. सामाईक खाती, वर्षानुवर्षं न पडलेल्या वाटण्या, मुंबईला असलेले सहहिस्सेदार, इतर हक्कातलं कूळ, एकाच्या जमिनीवर दुसऱ्याची आंब्याची झाडं: हे सगळं 'मालक १, मालक २, मालक ३' अशा रकान्यांत मावत नाही. भूखंड, व्यक्ती आणि त्यांना जोडणारा हक्क अशी तीन टेबलं किमान हवीत. एलएडीएमचा गाभा हाच आहे आणि म्हणून तो कोकणाला चांगला बसतो.

हिस्सा टक्क्यांत ठेवू नका. तीन भावांचे ३३.३३ मिळून १०० होत नाहीत. अंश आणि छेद असे दोन पूर्णांक ठेवा. जुन्या फेरफारांतले आणे-पैतले हिस्सेही मग सरळ बसतात: १६ आणे म्हणजे १९२ पै, तेव्हा ५ आणे ४ पै म्हणजे ६४/१९२, अर्थात १/३. एका खात्याची बेरीज १ होते का, हे साध्या चेक अटीने तपासता येत नाही, कारण ती एकाच ओळीपुरती पाहते. त्यासाठी ट्रिगर (नोंद बदलताच आपोआप चालणारा कोड) लिहा किंवा चुकलेली खाती दाखवणारा व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) ठेवा.

क्षेत्रासाठी दोन रकाने हवेत, सातबाऱ्यावरचं एक आणि नकाशावरून मोजलेलं दुसरं, दोन्ही चौरस मीटरमध्ये. ०.४५.५० म्हणजे ४,५५० चौ.मी.; पण कुणी ०.४५.५ लिहिलं तर ते ४,५०५ की ४,५५०, हे नंतर कळायला मार्ग उरत नाही. पोटखराबा (लागवडीखाली नसलेला भाग) अ आणि ब वेगळे ठेवा.

आता तीन मार्ग

क्लोन सर्वांत झटपट. मात्र मूळ डेटाबेसला कुणी जोडलेलं असेल, अगदी दुसऱ्या संगणकावर क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) नुसतं उघडं असेल, तरी टेम्प्लेटवरून प्रत काढताना एरर येते. प्रतीत जुन्या गावांची माणसंही सगळी येतात, म्हणून वापराआधी ती टेबलं रिकामी करा. क्यूजीआयएसच्या शैली (नकाशाचे रंग-रेषा) साठवणाऱ्या टेबलात डेटाबेसचं नाव नोंदलेलं असतं. तेही बदला, नाहीतर नव्या डेटाबेसात शैली लागत नाहीत.

फक्त रचना उतरवली तर माणसं मागे राहतात, पण कोड टेबलंही रिकामी येतात: भोगवटादार वर्ग, पोटखराबा, जमीन प्रकार. शैली येत नाहीत आणि स्वतः नोंदवलेले प्रक्षेपही (नकाशाच्या निर्देशांकांच्या पद्धती) येत नाहीत. कोड टेबलांचा डेटा वेगळा उतरवून घ्या आणि त्यात वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), खार जमीन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) असे इथले प्रकार घाला. रचनेच्या फाइलला हात लावण्याआधी तिची मूळ प्रत ठेवा.

एलएडीएमवर नवी मांडणी म्हणजे जास्त टेबलं, जास्त फॉर्म आणि भरणाऱ्यांना शिकवण्याचा वेळ. अनेक तालुके, अनेक वर्षं आणि फेरफारांचा इतिहास सांभाळायचा असेल तर तो खर्च सार्थकी लागतो. दोन-चार गावांच्या बागांसाठी तो फार होतो.

प्रक्षेपाचं सगळ्या मार्गांत बघावं लागतं. पालघर ते सिंधुदुर्ग सारा किनारा यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी (प्रक्षेपांच्या यादीतला क्रमांक) ३२६४३ मध्ये येतो. स्कीमा नागपूरकडचा असेल तर भूमिती रकान्यावर ३२६४४ कोरलेलं असतं आणि पहिल्याच नोंदीला एरर येते. टेबल रिकामं असेल तर रकान्याचा प्रकार बदलला की झालं. डेटा असेल तर नुसता क्रमांक बदलू नका, निर्देशांकांचं रूपांतर करा. रकाना बहुभागी पॉलिगॉनचा (अनेक तुकड्यांच्या आकाराचा) ठेवा, कारण शेपफाइलमधून (नकाशाच्या फाइलचा एक प्रकार) आलेला थर बहुधा तसाच येतो आणि साध्या पॉलिगॉनच्या रकान्यात शिरत नाही.

आमचा कौल मधल्या मार्गाला: रचना आणि कोड टेबलं उचला, भूखंडाची की नव्याने बांधा, आणि मालकाचे रकाने काढून एलएडीएमच्या धर्तीवर हक्कांचं टेबल जोडा. जुन्या स्कीमात हक्कांचं टेबल आधीच वेगळं असेल तर क्लोनही चालेल. मालक भूखंडात रुतलेला असून त्यावर पंधरा-वीस व्ह्यू आणि फॉर्म उभे असतील, तर मात्र नवी मांडणीच स्वस्त पडते.

चाचणीसाठी सोपं गाव घेऊ नका. सामाईक खाती जास्त असलेलं, कुळाच्या नोंदी असलेलं आणि खाडीकाठची खार जमीन असलेलं गाव आधी भरा.