डीसोर्स की बिहान्स?

प्रॉडक्ट डिझाइनला नुकतीच ॲडमिशन घेतलेल्यांनो, रिसर्चसाठी आधी डीसोर्स (डिझाइन शिकायची वेबसाइट) उघडा. आयआयटी बॉम्बेच्या आयडीसीने (तिथलं डिझाइन स्कूल) एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि आयआयटी गुवाहाटीला सोबत घेऊन उभं केलेलं, सगळं फुकट, आणि एखादी हस्तकला उघडली की कच्चा माल, हत्यारं, प्रोसेस सगळं फोटोसकट मिळतं, साइट दिसायला जुनाट आहे पण चालतंय की.

बिहान्सवर (डिझायनर आपलं काम टाकतात ती साइट, २०१२ पासून अडोबीची) रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली वस्तूंची चित्रं, बघून डोळे दिपतात, पण त्यातली बाटली मोल्डमधून (साच्यातून) सुटणार कशी, ड्राफ्ट अँगल (ती सहज सुटावी म्हणून बाजूंना दिलेला हलका उतार) किती, हे बहुतेक जण दाखवतच नाहीत. हां, पोर्टफोलिओ टाकायला, लोकांच्या कमेंट घ्यायला मात्र बिहान्सच. इंटर्नशिपला लिंक मागितली की तीच पाठवा, फक्त रेंडरसोबत फोम मॉडेलचे (फोम कापून केलेल्या नमुन्याचे) फोटो पण टाका, अर्धवट कापलेलं असलं तरी.